खिळ्यावरचं ओलं फडकं

सुधाबाई गेल्या... झोपेतच, असं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. वय झालं होतं, त्रास झाला नाही. तरी बराच वेळ माझ्या हातून रिसीव्हर सुटेना.

सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत आम्ही जुन्या कोळशाचं वय काढायचो. बाई प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. उत्खननातल्या कोळशापासून बेंझिन बनवायचं, त्यात चमकणारं रसायन मिसळून काचेच्या कुपीत भरायचं आणि कुपी यंत्रात ठेवायची. कोळशात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनमुळे आत चमका उठतात, त्या यंत्र मोजतं. चमका जितक्या कमी, तितका कोळसा जुना. यंत्राची परीक्षा घ्यायला एक ठरलेली कुपी होती. तिचा आकडा रोज जवळपास तोच यायला हवा. पावसाळ्यात यायचाही, पण उन्हाळा लागला की उड्या मारायचा. शेवटी वरच्या साहेबांनी बजावलं, या उन्हाळ्यात आकडा बसला नाही तर यंत्र दुसऱ्या शहरात जाईल. भांडून आणलेलं यंत्र ते, बाईंचा जीव त्यात अडकलेला. "काहून गा, आज पुन्हा नाचून राहिला?" असं त्या मलाच दरडावायच्या. विजेचा दाब तपासला, खोली गार केली... आकडा आपला नाचतोच आहे.

मे महिन्यातल्या एका दुपारी बाईंनी नेहमीसारखी ती कुपी पदरानं लख्ख पुसली. बोटाचा डागही राहू नये म्हणून त्या फार जपायच्या. पदर नायलॉनचा, तेव्हा सगळ्यांनाच त्याची हौस. कुपी ठेवून वळताना लोखंडी टेबलाला हात लागला आणि चट्‌कन झटका बसला. बाई पदराकडे बघतच राहिल्या. "थांब गा, त्या कुपीलेही हेच होत असंल!" कोरड्या हवेत घासून काचेवर वीज साचत होती, आणि यंत्र तिच्या ठिणग्याही चमका म्हणून मोजत होतं.

दुसऱ्या दिवशी बाई सुती साडी नेसून आल्या. कुपी ओल्या सुती फडक्यानं पुसली, जरा निवांत ठेवली. आकडा जागचा हलला नाही. बाईंना हसू आवरेना. "काखेत कळसा अन् गावाले वळसा! जपू जपू मीच बिघडवून राहिली होती." यंत्र नागपुरातच राहिलं. ते बघायला साहेब आले, तर त्यांना दारातच थांबवलं. "टेरिलीनचा सदरा हाय जी तुमचा, तिथूनच पाहा."

परवा धरमपेठेत त्यांच्या घरी गेलो. सून बाईंचा फोटो पदरानं पुसायला निघाली आणि मी बोलून गेलो, "कोरड्यानं नको वं, सूनबाई."

ती हसली. "आईही असंच म्हणत, काका." स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यावर जुन्या सुती साडीचं फडकं होतं, ते तिनं काढून माझ्या हातात दिलं. ओलंच होतं.

"रोज सकाळी भिजवून टांगते जी," ती म्हणाली. "आई गेल्या, तरी हात जातेच."