कॉम्प्युटरला न पटलेल्या बाया

मंडळी, कामावरून सुटले ती थेट सायबर कॅफेत येऊन बसलेय. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय आज घरी जाववणार नाही!

आमच्या जळगावच्या चटईच्या कारखान्यात नवा नियम आलाय. कामावर घेण्याआधी प्रत्येकाच्या शाळेच्या दाखल्यावरची माहिती ऑफिसात मी कॉम्प्युटरवर तपासायची. अठरा पूर्ण असतील आणि माणूस खरा असेल, तरच आत. नियम चांगलाच आहे. कोवळ्या पोरींना कामाला जुंपणारे ठेकेदार मी पाहिलेत.

आज पारोळ्याकडच्या एका खेड्यातून सुमनअक्का आणि तिच्या मैत्रिणी आल्या. कॉम्प्युटरने सगळ्यांनाच अडवलं. गाव एक आणि जन्मतारीखही एकच, एक जून! साहेब म्हणाले, "दाखले बोगस आहेत. परत पाठवा."

अक्का म्हणाली, "सायेब, शाळामा गुरुजीनी बठ्ठासले हाईच तारीख लिखी दिन्ही. त्यामा आमना काय गुन्हा शे?"

साहेब ऐकेनात. माझं डोकंच फिरलं. आईबापाला तारीख आठवली नाही की गुरुजी सगळ्यांना एक जून टाकून मोकळे होतात, हे खानदेशात कुणाला सांगावं लागतं का? मी सरळ विचारलं, "साहेब, तुम्ही फैजपूरचे ना? तुमची जन्मतारीख काय?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हळूच म्हणाले, "एक जून."

अख्खं ऑफिस खो खो हसलं. साहेबसुद्धा! बाया उद्यापासून कामावर.

आता खरं सांगा, आपल्या ग्रुपमधल्या किती जणांना तो कॉम्प्युटर बोगस ठरवेल? पहिला हात माझा!