खंडेनवमीला उचललेला पाना

टेम्पो आमच्या गेटसमोर गचके देत बंद पडला, तेव्हा माझी सगळी हत्यारं पूजेत बसलेली होती.

खंडेनवमीची दुपार. मी गॅरेजात मेकॅनिक आहे, राहायला हर्सूलला. या दिवशी हत्यारांना हळदकुंकू लावायचं आणि दसऱ्याची पूजा होईस्तोवर हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नेम आणि गॅरेजचाही. पाटावर नटबोल्टचे पाने, प्लग खोलायचं सॉकेट, आमच्या व्हॅनसाठी आणलेला नव्या प्लगचा संच, सगळं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतः मांडलेलं.

टेम्पोतून कमलबाई उतरल्या. पिशोरच्या. मागं झेंडू गच्च भरलेला.

"ताई, तुम्ही गाड्यांचं काम करता म्हणं? चौकात सांगितलं."

"काय होतंय गाडीला?"

"सकाळपासून खोकती. आता तर जागची हलंना. आज सांजच्याला माल बाजारात लागला पायजे. आख्खं वावर या एका दसऱ्यासाठी लावलंय. परवा हा झेंडू शेळीबी हुंगत नाय."

दुसरा टेम्पो मिळेना. ज्याची त्याची गाडी पूजेत. आमची व्हॅन घेऊन हे बाहेरगावी गेलेले.

मी ड्रायव्हरची सीट उचलली. या टेम्पोचं इंजिन सीटखाली असतं. प्लग ज्या खोल भोकात बसतो, तिथं पाणी साचलेलं.

"गाडी धुतली का?"

टेम्पो कमलबाईंचा भाऊ चालवत होता. तो खुशीत म्हणाला, "लई घासून. पूजा होती ना. खेपेवरून आलो तसा सीट उचलून इंजिनावरबी पाइप मारला."

आता काय बोलणार. प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी कांडी. ठिणगी पडली की पेट्रोल पेटतं. भोकात पाणी शिरलं की ठिणगी भलतीकडंच पळते आणि गाडी मिसिंग मारते, म्हणजे गचके खाते. त्यात तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं की प्लगची चिनीमाती तडकते, मग नवाच घालावा लागतो. आमच्या व्हॅनचं आणि या टेम्पोचं इंजिन एकच. म्हणजे नवा प्लग घरात होता. फक्त पाटावर होता.

आधी गॅरेजच्या शेठना फोन केला. गॅरेज उघडलं असतं तर घरात भांडण झालं नसतं.

"आज शटर उघडणार नाही," शेठ म्हणाले. "आणि तूही हात लावू नकोस. काही तुटलं तर माझ्याकडं आणायचं नाही."

"नाही आणत," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आत गेले. आत्याबाई दारातच.

"पूजेतलं उचलायचं नाय."

"उचलणार आहे."

"देवीपुढचं काढून घ्यायलीस तू."

"आत्याबाई, देवीच्या हातातलं हत्यारबी चालवायचंच असतं. बसवून ठेवायचं असतं तर तिला कशाला दिलं असतं?"

"काही वाईट झालं म्हंजी?"

"माझ्या नावावर."

सॉकेट उचललं, ते फिरवायचं रॅचेट उचललं, प्लगचा संच उचलला. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पूजा केली म्हणून गाडी बंद पडली आणि पूजा आहे म्हणून दुरुस्त करायची नाही, हा कुठला न्याय?

बाहेर आले आणि ओट्यावर बसून राहिले. कमलबाई घाबरल्या. "काय झालं ताई? नाय करायचं का?"

"करायचंय. इंजिन थंड होऊ द्या."

गरम इंजिनातून प्लग ओढला तर आतले आटे सोलून येतात, आणि मग सगळं इंजिन खोलावं लागतं. पण हे कोणाला पटणार? शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बघा, देवीनंच बसवलं खाली." मला ते लागलं.

हात टेकवता येईल इतकं इंजिन निवलं, तशी उठले. सायकलच्या पंपानं भोकातलं पाणी आधी उडवलं, नाहीतर प्लग काढताच ते आत उतरतं. मग एकेक प्लग सोडवला. तिसऱ्याची चिनीमाती उभी तडकलेली. नवे चारही प्लग पहिल्यांदा बोटांनीच फिरवले, अडलं तर कळतं. शेवटी रॅचेटनं बेतानं आवळले.

"मारा सेल्फ."

पहिल्या सेल्फला इंजिन लागलं. कमलबाईंनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या. मी म्हटलं, "रडत काय बसता, बाजार उठंल. निघा."

टेम्पो गेल्यावर मी सॉकेट पाटावर परत ठेवायला गेले.

"पुसून ठेव," आत्याबाई म्हणाल्या.

"नाही. असंच राहू द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, कुंकवाचा करंडा उघडला आणि त्या तेलकट सॉकेटलाच बोट लावलं.

दसरा झाल्यावर कामावर गेले. बातमी शेठच्या कानावर गेलेलीच होती.

"हत्यार उचललंस म्हणे. काही झालं का मग?"

"व्हय. टेम्पो चालू झाला."

तुम्ही घरी प्लग बदलणार असाल तर एवढंच सांगते. इंजिन गरम असेल तर थांबा. मी त्या दिवशी तेवढ्यासाठीच थांबले होते.