मनकर्णेच्या डोंग्यातला पंप

"धू धू धुतला रे पंप, लहानू. राखेनं घासला, सोड्यानं घासला, आठ रोज उनात पालथा घातला. आता काय त्याले काशीले नेऊ?"

"तरीबी वयनी, दवाईचा पंप हाये थो."

"कोंबडीले पाजलं त्यातलं पानी. मेली का? नाई मेली. दुसऱ्या रोजी अंडं देल्लं तिनं. तू नळीले झारा बसवून देतं का नाई, थे सांग."

"डोंग्यात आंघोळ करतं का आता? राजाची रानी हायेस का तू?"

"आंघोळ नाई रे मुर्दाड्या, पाय धुवाचे हाये. चार बोटं उरले या पायाले. थे बी सोडू का तलावात?"

लहानू हा मनकर्णेचा धाकटा दीर. ती या घरात नवरी होऊन आली तेव्हा हा नागडाच हिंडायचा आणि त्याचं नाक वाहायचं. ते नाक तिनं आपल्या पदरानं पुसलं. म्हणून पन्नाशीच्या दिराला ती अजून नावानं हाक मारते आणि मनात आलं तर मुर्दाड्याही म्हणते. तो ऐकून घेतो. निदान घरात तरी घेतो.

मनकर्णा ढिवराची, म्हणजे मासेमारांच्या घरची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. सिंदेवाहीकडच्या आमच्या गावाला मोठा तलाव आहे, आणि त्या तलावात दसऱ्याच्या आगेमागे शिंगाडा येतो. ढिवरांची सोसायटी दरसाल चिठ्ठ्या टाकते आणि बांबू रोवून, दोऱ्या बांधून एकेका घराला पाण्याचा एकेक पट्टा देते. मनकर्णेच्या पट्ट्याच्या उजवीकडे यंदा लहानूचा पट्टा आला होता. सोसायटीचा नियम जुना आणि सरळ: तोडणीच्या दिवसांत ज्याचा डोंगा, म्हणजे लहान होडी, चार दिवस पाण्यात उतरला नाही, त्याचा पट्टा शेजाऱ्याचा. दुखणं, मयत, बाळंतपण, काही चालत नाही. पिकलेला शिंगाडा तुमच्या बाळंतपणासाठी थांबत नाही, गळून बुडाशी जातो.

शिंगाडा तुम्ही उपासाला खाता. तो कसा निघतो ते सांगतो. डोंग्याच्या टोकावर बसायचं, वाकून वेल वर ओढायची, मांडीवर घ्यायची, उलटी करायची, पानाखालची फळं तोडायची आणि वेल परत सोडायची. मग पुढची. प्रत्येक वेलीबरोबर पाणी डोंग्यात येतं. दुपारपर्यंत घोट्याइतकं साचतं, आणि पाय त्याच पाण्यात असतात. ते पाणी कसलं? कुजलेल्या पानांचं, वरच्या धानाच्या बांध्यांतून उतरलेल्या औषधाचं. शिंगाड्यावर बारीक भुंगा पडतो, त्यावर मारलेलं औषधही त्यातच. फळ धरल्यावर औषध मारायचं नाही असं सोसायटीनं ठरवलं होतं. सकाळी धुकं असलं म्हणजे मारतात. धुक्यात कोण कोणाला दिसतं?

सीझनमध्ये अख्ख्या ढिवरपुऱ्याला खाज सुटते. माणसं संध्याकाळी पारावर बसून मक्याच्या दाणे काढलेल्या बुटक्यांनी पिंढऱ्या खाजवतात आणि राजकारण बोलतात. कोणी विचारलं तर सांगतात, तलावाची खाज आहे, दिवाळीनंतर जाते.

मनकर्णेची गेली नाही. तिला शुगर. मागच्या साली शिंगाड्याचं शिंग पायात मोडलं. तिला कळलंच नाही, कारण पाय बधिर. कळलं तेव्हा करंगळी काळी झाली होती. होळीच्या आधी ती कापली, पण जखम पुरती भरली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यात जाऊ नका. मनकर्णा म्हणाली, "मंग खाऊ काय, बाई? तुमच्या गोळ्या?" तेव्हा त्या म्हणाल्या, जाल तर दर घंट्याला स्वच्छ पाण्यानं बोटांच्या बेचक्या धुवा, कोरड्या करा, मलम लावा. नाही तर पुढच्या साली पंजा जाईल.

आता यंदाचा पट्टा तलावाच्या मध्यात. तिथून वेली चुकवत काठावर यायला अर्धा घंटा, जायला अर्धा घंटा. दर घंट्याला पाय धुवायला कोण येणार? पहिल्या दिवशी तिनं विहिरीच्या पाण्याची गुंडी, म्हणजे छोटी घागर, डोंग्यात ठेवली. वेल ओढायला वाकली, गुंडी कलंडली. दुसऱ्या दिवशी गुंडी दोरीनं बांधली, तर तांब्यानं ओतता ओतता दोनदा पाय धुण्यातच ती रिकामी झाली. तिसऱ्या दिवशी तिला नवऱ्याचा फवारणीचा पंप आठवला. सोळा लिटरचा, पाठीवर घ्यायचा. कोठ्यात पडून होता. टाकी बंद असल्यानं पाणी सांडत नाही, दांडा हलवला की नळीतून जोरानं येतं, सोडलं की थांबतं.

नोझलचा फवारा फार बारीक. नुसतं धुकं उडायचं, चिखल निघायचा नाही. लहानूनं ते काढलं आणि तिथं काय बसवावं म्हणून घरभर पाहिलं. शेवटी आपल्या सुनेच्या पावडरच्या डब्याचं झाकण घेतलं, भोकांचंच असतं ते. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून नळीच्या टोकाला आवळलं. दांडा मारला तर झाऱ्यासारखं पाणी पडलं, आणि पहिल्या पाण्याला मोगऱ्याचा वास आला.

"घे," लहानू म्हणाला. "आता तुह्ये पाय मोगऱ्याचे."

"तुह्या थोबाडावर मारू का थोडंसं?"

त्या दिवशी दोघं हसले. तेवढंच.

सोळा लिटर मागं ठेवलं तर डोंग्याचं तोंड वर उचललं जातं. तिनं पुढं एक दगड ठेवला. जसजसं पाणी संपेल तसतसा दगड मागं सरकवायचा, हे तिला दोन दिवसांत कळलं. घंटाभर तोडायचं, मग पाय डोंग्याच्या काठाबाहेर काढायचे, डाव्या हातानं दांडा, उजव्या हातात नळी, एकेक बेचकी. मग जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसायचं. मलम. परत वेल. दहा दिवसांनी जखमेवर खपली धरली. आशाचं काम करणाऱ्या इंदुताईंनी पाय पाहिला आणि म्हणाल्या, "बाई, सडायचा थांबला हो." मनकर्णेनं त्या दिवशी घरी अंड्याचा रस्सा केला. त्याच कोंबडीचं अंडं.

अकराव्या दिवशी नागभीडचे व्यापारी गुणवंतराव गाडी घेऊन तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, आले. दर दोन दिवसांनी यायचे, पण नजर पोत्यांवरच असायची. पारीवर साऱ्या घरांची पोती लागली होती. गुणवंतरावांनी एक शिंगाडा फोडून तोंडात टाकला, चावता चावता तलावाकडं पाहिलं आणि चावायचे थांबले.

"ते कोन हाये? ते बाई? काय फवारून राह्यली थे?"

सगळ्यांनी पाहिलं. लांबून काय दिसणार? दवाईचा पंप, दांडा हलवणारा हात, लांब नळी, आणि शिंगाड्याच्या पानांवर उडणारं पाणी.

गुणवंतरावांनी तोंडातला शिंगाडा थुंकला.

"तोडाईच्या टायमाले जहर? लोक उपासाले खाते हे. बायाबापड्या एकादशीले खाते. एकही पोतं चढनार नाई गाडीत. एकही नाई."

शिंगाडा दोन दिवस पोत्यात राहिला तर आंबतो. पारीवर गावाचा सारा सीझन पडला होता. सोसायटीचे अध्यक्ष भैयाजी धोतर सावरत पाण्याच्या कडेला गेले आणि ओरडले. मनकर्णेला वाटलं कोणी मेलं. तिनं डोंगा वळवला.

ती काठाला लागेस्तोवर गर्दी झाली. तिनं पंप दाखवला, झाकण दाखवलं, पाय दाखवला. पाय कोणी पाहिला नाही.

"पाय धुते म्हंते पंपानं!" भैयाजी म्हणाले. "आमी काय येडे हावो का? आमच्या बापजाद्यायनं कदी पाय धुतले डोंग्यात?"

"तुमच्या बापजाद्यायले शुगर नोयती भैयाजी. हिरीचं पानी हाये थे. लहानूले विचारा. त्यानंच लावून देल्लं झाकन. सांग ना रे लहानू."

साऱ्यांनी लहानूकडं पाहिलं. लहानूची नऊ पोती पारीवर होती. त्याचा स्वतःचा पंप घरी ओला होता. त्या सकाळी धुकं दाट पडलं होतं.

"मले काई मालूम नाई," लहानू म्हणाला. "पंप तिच्या घरचा. काय भरते, काय नाई, मी पाह्यलं नाई."

मनकर्णा त्याच्याकडं पाहत राहिली. मग तिनं पदरानं आपलंच नाक पुसलं.

"हिरीचं पानी हाये ना?" भैयाजी म्हणाले. "मंग पी."

कोणीतरी हसलं. कोणीतरी तांब्या आणला. भैयाजींनी टाकी उचलली, झाकण काढलं आणि तांब्या काठोकाठ भरला. पाणी स्वच्छ होतं. पण त्या दवाईलाही कुठं रंग असतो?

मनकर्णेनं तांब्या घेतला आणि प्यायली. घटाघटा. खाली ठेवला.

"अजून," भैयाजी म्हणाले. "एका तांब्यानं काय समजते?"

दुसराही प्यायली. विक्की पानठेल्यावाला मोबाइल समोर धरून होता, म्हणाला, "बाई, जराशी इकडं तोंड कर." तिनं केलं नाही तर तो स्वतःच फिरून समोर गेला.

"आता बसव तिले," गुणवंतराव म्हणाले. "अर्धा घंटा पाहू. फेस येते का."

तिला पारीवर उन्हात बसवलं. सावलीत नको, सावलीत दिसत नाही. आम्ही सारे गोल करून उभे राहिलो. दोघांत तंबाखूच्या एका खर्र्याची शर्त लागली. फेस येईल म्हणणारा दर थोड्या वेळानं वाकून तिच्या तोंडाकडं बघायचा आणि म्हणायचा, "वठ थरथरून राह्यले पाहा." एका पोरीनं विचारलं, आजी मरणार आहे का. तिच्या आईनं सांगितलं, चूप, पाहू दे. इंदुताई आल्या. त्यांनी "हे काय चाललं?" म्हटलं, आणि त्यांना कोणीतरी म्हणालं, ताई, तुमचं बी पोतं हाये ना इथी? त्यांच्या सासऱ्याचं होतं. त्या मनकर्णेच्या शेजारी जाऊन बसल्या.

अर्ध्या घंट्यात मनकर्णेला एकदा ढेकर आला. गर्दी एक पाऊल पुढं सरकली. ढेकरच होता.

"भूक लागली," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी हावो. गुणवंतराव, उपासाचा माल हाये ना तुमचा? एखादा शिंगाडा द्या."

गुणवंतराव उठले, पँट झटकली. "चढवा पोते," म्हणाले. "पन हा पंप मले परत दिसाले नाई पाह्यजे. उद्या दुसरा कोनी पाहील, फोटो काढील. माल बदनाम होते. खरं काय हाये थे कोन विचारते?"

पोती चढायला लागली. साऱ्यांच्या जिवात जीव आला. तेव्हा मनकर्णा उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली,

"म्या पेली. आता तुमचे पंप आना. ज्याच्या ज्याच्या घरी हाये त्यानं आना. एकेक तांब्या प्या माह्यासमोर. चाल लहानू, तुह्यापासून सुरू करू."

पोतं उचलणारे हात थांबले. कोणी खोकलं. लहानू गाडीच्या पलीकडं गेला.

भैयाजींनी कोणाच्या तरी हातातली कुऱ्हाड घेतली आणि पंपाच्या टाकीत मारली. एकदा, मग परत. प्लास्टिक जुनं होतं, लवकर फाटलं. सोळा लिटरमधलं उरलेलं पाणी पारीवरून वाहत खाली गेलं, तलावातच.

"आजपासून डोंग्यात पंप नाई, गुंडी नाई, डबा नाई. काईच नाई," ते म्हणाले. "जमते तं तोड. नाई तं पट्टा सोड, लहानू पाहून घेईल."

"लहानू," मनकर्णा गाडीकडं तोंड करून म्हणाली, "पट्टा घेतं तं पाय बी घेऊन जा. एकटा पट्टा काऊन नेतं?"

गाडीच्या पलीकडून आवाज पोतं आदळल्याचा तेवढा आला.

गाडी गेली. माणसं जेवायला गेली. विक्कीचा व्हिडिओ त्याच्या आधीच गावभर फिरला होता. तिचे दोन तांबे पिणं कोणीतरी उलटं चालवलं होतं, त्यात ती तांब्यात पाणी परत ओकते. त्यावर आमचं गाव दोन दिवस हसलं.

इंदुताईंनी तिला एक प्लास्टिकची पिशवी दिली. मनकर्णेनं ती पायात घातली, घोट्याला सुतळीनं बांधली. फुटक्या पंपाच्या नळीवरून पावडरच्या डब्याचं झाकण सोडवून घेतलं. "सुनेचं हाये," म्हणाली, "परत द्या लागते." आणि कमरेला खोचलं.

ऊन कललं होतं. डोंग्यात बसून तिनं बांबूनं काठ ढकलला. डोंग्याचं तोंड वर उचललं गेलं नाही, कारण मागं वजनच नव्हतं. तिनं पुढचा दगड उचलून पाण्यात टाकला.

पट्ट्यात पोचल्यावर पहिल्या पाच-सात वेलींतच पिशवीत पाणी शिरलं. ते पिशवीत अडकून राहायला लागलं, त्यापेक्षा पाण्यात पाय बरा. तिनं सुतळी सोडली, पिशवी काढली आणि बुडाखाली दाबली. वेल ओढली. उलटी केली. चार शिंगाडे तोडले, दोन कवळे होते, ते तसेच ठेवून वेल सोडली. मग पुढची ओढली.