काचपुशाचा आकडा

आमच्या मामाला सगळे ‘काचपुशा’ म्हणत. वेधशाळेच्या गच्चीवर ऊन मोजायचं एक यंत्र होतं, त्याच्यावर वाटीएवढा काचेचा घुमट. तो रोज पुसायचा आणि उन्हाचा आकडा वहीत लिहायचा, एवढीच त्याची नोकरी. पण ऐट अशी, की जणू सूर्य ह्यालाच विचारून उगवतो!

यंदा तो आकडा घसरायला लागला. आभाळात ढगाचा ठिपका नाही, तरी रोज ऊन थोडं कमी. भट्ट्यांचा कारखाना सुरू झाल्यापासून आमच्या वस्तीवर धूर बसून असायचा. भरदुपारी सूर्याकडे सरळ बघता यायचं. मला तर धडकीच भरायची. त्यात मामाची नात अपुऱ्या दिवसांची, छाती नाजूक. धूर हटेपर्यंत तिला इथे आणू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून माझी मामेबहीण तिला घेऊन दूर नणंदेकडे राहत होती.

साहेब मामाला म्हणाले, “काच नीट पुसत नाहीस तू. उपग्रह बघ, भरपूर ऊन दाखवतोय.”

मामाने त्यांच्यासमोर काच पुसली. आकडा जागचा हलला नाही.

“साहेब, उपग्रह वरून ढग बघतो. खालचा धूर जुन्या सरासरीवरून धरतात, तुम्हीच सांगितलं होतंत. तेव्हा कारखाना कुठे होता?”

“मग यंत्र म्हातारं झालंय. तुझ्यासारखंच.”

मेला! मी असते तर ती वही त्याच्या टाळक्यात घातली असती. मामाने मात्र तीच वही उघडून त्या दिवसाचा आकडा लिहिला. आठवड्याभरात साहेबांनी यंत्र खोलून नेलं. वस्तीने धुराची तक्रार केली होती, तिला उत्तर म्हणून उपग्रहाचे आकडे पेपरात छापून आले: वस्तीवर ऊन पूर्वीइतकंच, हवा स्वच्छ. खाली वेधशाळेचं नाव. मामाला दोन दिवस जेवण गेलं नाही.

“अरे, कोण वाचतंय ते!” मी म्हटलं.

रविवारी दार वाजलं. दारात मामेबहीण, खांद्याला दोन पिशव्या, छातीशी दुपट्यात पोर. चेहरा नुसता फुललेला.

“बाबा, पेपरात वाचलं नि पहिली गाडी पकडली! तुमच्याच वेधशाळेने सांगितलं, मग कशाला थांबू?”

“उलट पावली परत जा,” मामा म्हणाला.

“अहो, आता गाडी एकदम परवा.”

मामा खिडक्या लावत सुटला. दुसरीपर्यंत पोचायच्या आत पोर खोकायला लागली.