आरशातला जपानी रेशीमपतंग

उकळत्या कोशांचा वास अजून माझ्या ओढणीत आहे, असे मला वाटते. भिजलेले गवत, लाकडाची राख आणि नदीतला मासा एकाच भांड्यात शिजावेत, तसा तो वास. आरमोरीजवळच्या त्या अंगणात तो पहिल्यांदा आला तेव्हा मी नाक झाकले होते.

गेले होते एका कार्डासाठी. मुले आपसांत ज्यांची अदलाबदल करतात, तशी तळहातात मावणारी जपानी चित्रकार्डे मी जमवते. ती लिपी मला वाचता येत नाही. तिच्या वळणांवरून नुसते बोट फिरवायला आवडते. माझ्या कीटकांच्या मालिकेत एकच कप्पा कित्येक वर्षे रिकामा होता, रेशीमपतंगाचा. आरमोरीला शिक्षिका असलेल्या वसुधाने, माझ्या मैत्रिणीने, एके दिवशी फोटो पाठवला. कुडाची भिंत, तिच्यावर आरसा, आणि आरशाच्या चौकटीत खोचलेला नेमका तोच पतंग.

बल्लारपूरहून पॅसेंजरने निघाले. कागद गिरणीचा उग्र दर्प मागे पडला. मग खिडकीत कधी रान, कधी पिवळा पडलेला धान. वडशाला उतरले, तर नाटकांचे फलक रंगवून उन्हात वाळत ठेवले होते. एका नायिकेच्या ओल्या गालावर माशी चिकटली होती. वसुधा स्कूटर घेऊन आली होती. तर्री घातलेले पोहे खाऊन निघालो, आणि वाटेत स्कूटर बंद पडली. उरलेली वाट ती ढकलतच गाव गाठले.

तो आरसा देवकाबाईंच्या घरातला; घर कोसा (रानातले टसर रेशीम) पिकवणाऱ्यांचे. नवरा रानात, येनावर (ऐनाच्या झाडावर) सोडलेल्या अळ्या राखत होता. मागच्या पिकातले फुटके कोसे देवकाबाई चुलीवर उकळत होत्या.

“जपानची बाई कोसा पाहाले आली होती,” त्या म्हणाल्या. “मी तिले एक कोसा देला, तिनं मले हे देलं. लहानपनापासून जपून ठेवलं होतं म्हने.”

मी जवळची जादा कार्डे चटईवर मांडली. “यातले आवडेल ते घ्या, देवकाबाई. बदल्यात मला तो पतंग द्याल?”

हात लुगड्याला पुसून त्या उकिडव्या बसल्या. एका लालपांढऱ्या माशावर त्यांचे बोट थांबले. “धुतला तं रंग जाते का याचा?”

“नाही.”

“मंग हाच. आमच्या बुवाले (नवऱ्याला) दाखवतो. जाळं घेऊन धावंल.”

मी हसत आरशाकडे हात नेला.

“नाई बाई,” त्या शांतपणे म्हणाल्या. “कोसा झाडावर हाय. झाडावर हाय तोवर घरातून काई देत नाई. शेजारीन इस्तो (विस्तव) मागाले आली तरी नाई.”

“कधी उतरेल?”

“थे अळीले इचार.”

वसुधा म्हणाली, “उतरला की मी घेऊन पाठवीन हिला.”

“तू काऊन? जिच्या हातून घेतलं तिच्याच हातात देईन. जपानच्या बाईनं का पोस्टानं धाडलं होतं?”

माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. पतंग वीतभर अंतरावर होता. कडा धुराने पिवळ्या, पंख मात्र दुधासारखे. मी हात मागे घेतला आणि मासा त्यांच्यापुढे सरकवला. “घरात घेतलेले चालते ना?”

“येनाऱ्याले कोन अडवते?” त्या हसल्या. मासा आरशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला.

मग त्यांनी आम्हाला रानाच्या कडेपर्यंत नेले. कोसा झाडावर असताना परक्याने पुढे जायचे नव्हते. येनावरून बारीक करकर ऐकू येत होती, शेकडो अळ्या पाने खात होत्या. पक्षी उडवायला आत कुठेतरी गुलेर (गलोल) सुटली. निघताना मी त्यांचा कोशांच्या पाण्याने ओलसर हात धरला आणि त्या वासासकट खोल श्वास घेतला.

घरी परतल्यावर संग्रह उघडला. पतंगाचा कप्पा रिकामाच आहे, आणि आता माशाचे एक कार्डही कमी झाले. पूर्वी मी ते पान पटकन उलटत असे. आता तिथे थांबते. माझा मासा त्या आरशात आहे, पतंगही तिथेच आहे, आणि येनावरच्या अळ्या कधीतरी पाने सोडतील. त्या दिवशी बंद पडलेली स्कूटर एकदाची सुरू झाली तेव्हा देवकाबाई रानाकडे वळल्या होत्या. मागे न पाहता, परत यायला सांगत, त्या एवढेच म्हणाल्या होत्या:

“येजो.”