खांद्याच्या वर काठी नाही

गणपतराव हवालदार खडवलीस वारल्याची बातमी मला वर्तमानपत्रातून कळली, म्हणजे चार दिवस शिळी आणि बरीचशी खोटी. ‘सरकारच्या चाकरीत रणांगणी एक नेत्र अर्पण करणारा शूर वीर’ असे छापले होते. मजकूर आमच्या हेडमास्तरांचा, हे विशेषणांवरूनच ओळखू आले. त्याला आता महिना होत आला. त्या डोळ्याची खरी हकीकत मला ठाऊक आहे.

पलटणीतून पेन्शन घेऊन हवालदार कल्याणच्या आमच्या शाळेत कवाईत शिकवायला आले, ते हॉकी घेऊनच. गोऱ्या सोल्जरांचा हा खेळ आम्हा मास्तरांना वेडगळ वाटे. पोरांना तो पहिल्याच दिवशी आवडला. बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून काठ्या झाल्या, बांबूच्या बुडख्याचा चेंडू झाला. नडग्या फुटू लागल्या तेव्हा हवालदारांनी जुन्या घोंगड्यांच्या पट्ट्या गुंडाळायला लावल्या. पण त्यांना खरे भय नडगीचे नव्हते. आमची पोरे विटीदांडूवर वाढलेली. हवेत काही उडाले की त्याला टोला हाणायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेले. ढेकळावर आपटून चेंडू उसळला की दहा काठ्या तोंडाच्या उंचीवर गरगरत. ओरडून काही होईना, तेव्हा हवालदारांनी प्रत्येकाच्या उजव्या मनगटाला सुताचा दोर बांधला आणि त्याचे दुसरे टोक कमरेच्या करदोट्याला अडकवले. हात फार वर गेला की कमरेला हिसका बसे. “खांद्याच्या वर काठी नाही,” एवढेच त्यांचे शास्त्र. त्या वर्षी नडग्या फुटल्या, बोटे चेचली, पण गळ्याच्या वर कोणाला ओरखडा नाही.

मग बक्षीस समारंभ निघाला. ठाण्याहून साहेब येणार म्हणून आंब्याच्या पानांच्या तीन कमानी उभारल्या... साहेब एकच, पण कमानी तीन. व्यवस्था माझ्याकडे होती. खेळ सुरू व्हायच्या आधी हेडमास्तरांनी पोरांची रांग पाहिली आणि माझ्याकडे वळून कपाळाला हात लावला.

“अहो पंत, साहेबांना काय माकडांचा खेळ दाखवायचाय? सोडा ते दोर!”

“डोळ्यांसाठी बांधलेत ते,” हवालदार म्हणाले.

“आणि साहेबांच्या डोळ्यांना काय दिसेल?”

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. समारंभांची टर उडवण्यात माझा हात धरणारा गावात कोणी नव्हता. घरी बसून मी ती रोज उडवीत असे. त्या दिवशी मी खाली वाकलो आणि गाठी सोडू लागलो. पहिली गाठ माझ्या मुलाची, दिनूची होती.

पाव घटकाही झाली नसेल. चेंडू उसळला, दिनूची काठी फिरली, आणि तिच्यामागे म्हादूचे तोंड होते. मिठागरात राबणाऱ्या एका विधवेचा हा एकुलता एक मुलगा. साहेबांना टोला पसंत पडला असावा, कारण त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागोमाग सगळ्या खुर्च्यांनी वाजवल्या. म्हादू डाव्या डोळ्यावर दोन्ही हात दाबून गुडघ्यांवर बसला होता, आणि बोटांच्या फटींतून रक्त येत होते.

म्हादूला हवालदारांच्या बिऱ्हाडी निजवले आणि डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. चार दिवस हलायचे नाही, मग पाहू, म्हणाले. त्या ‘पाहू’ने मला झोप येईना. घरी दिनू कोपऱ्यात उजवा हात मांडीखाली दाबून बसे, जेवायलाही काढीना. म्हादूची आई आली ती पायांना मिठागराचा चिखल तसाच ठेवून. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही.

“हवालदार, तुमी असताना?”

“माझी चूक, बाय,” हवालदार म्हणाले.

मी शेजारी उभा होतो. तोंड उघडले नाही.

तिसऱ्या दिवशी पडवीत हवालदार आपण होऊन बोलले. “पंत, माझा डोळा लढाईत नाही गेला. छावणीत हाच खेळ खेळताना गेला. काठी माझ्या जिवलग दोस्ताची. तो पुढे माझ्याशी कधी बोलला नाही, लाजेनं. डोळ्यापेक्षा ते जास्त लागलं... दिनूला म्हादूपाशी आणून बसवा.”

मी दिनूला आणून बसवले. चौथ्या दिवशी पट्टी सुटली. म्हादूचा डावा डोळा लिंबाएवढा सुजलेला, जेमतेम फटीएवढा उघडणारा. हवालदार त्याचा उजवा डोळा तळहाताने झाकून तोंडासमोर वाकले. “काय दिसतं रे?”

म्हादूने बराच वेळ पाहिले. “मना तुमचा एकच डोला दिसतो, हवालदार.”

आई किंचाळली. मग म्हादूचे ओठ हसू दाबताना दिसले, आणि आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. “मेल्या, जीव घेतलास माजा!” दिनू त्या दिवशी पहिल्यांदा रडला.

दोर पुन्हा बांधले गेले. ते मी सोडले होते, हे त्या बाईला मी कधी सांगितले नाही. आज प्रथमच छापण्यासाठी लिहितो आहे, आणि ती वर्तमानपत्र वाचत नाही हे मला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात खडवलीस गेलो. शेजारीण कुलूप काढता काढता म्हणाली, “दोन वर्षं झाली, त्यांना काही दिसत नव्हतं. तुम्हाला कळवलं नाही?” त्यांची पत्रे येत होती, फक्त अक्षर बदलले होते. हात थकला असेल, असे मी समजलो होतो.

खोलीत एक बाज, एक तांब्या. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला बाजेपासून दारापर्यंत तळहात घासून घासून काळपट, गुळगुळीत रेघ उमटलेली. मी तिच्यावर हात टेकला, डोळे मिटले आणि चालू लागलो. दार सात पावलांवर होते. तिसऱ्या पावलालाच भीतीने माझे डोळे उघडले.