रुळांवरचा पैलवान

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा रुळांवर भारी विश्वास. दोन बाजूंना दोन उभे रूळ, मधून डबा वर जाणार, खाली येणार, डावीउजवीकडे कलंडायची बातच नाही. आमच्या लिफ्टवाल्याची सगळी हयात त्या रुळांना ग्रीस लावण्यात गेली. म्हणून पन्नाशीत जिममध्ये पाऊल टाकलं आणि कोपऱ्यातलं बैठकांचं मशीन दिसलं, तेव्हा त्याला नातलग भेटल्यासारखं झालं. दोन उभे रूळ आणि त्यांत अडकवलेला बार. बार खांद्यावर घ्या, बसा, उठा. दमलात तर मनगट वळवा, बार जागच्या जागी आकड्याला अडकतो. गड्यानं खिशातलं फडकं काढलं आणि व्यायामाआधी रूळच पुसून घेतले!

जिमची हौस त्याला कधीच नव्हती. घरात तो आणि त्याची म्हातारी आई, दोघंच. आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून खुर्चीतून उठायचं म्हटलं की तिला कोणीतरी धरून उठवावं लागायचं. हा धरायचा तर दोघंही लटपटायचे. शेवटी परगावच्या ताईनं फोनवर सुनावलं, "तुझ्याच्यानं नाही व्हायचं. महिनाअखेर येते. तेव्हाही हे असंच असेल तर आईला घेऊन जाणार." आईला स्वतःचं घर सोडायचं नव्हतं. आणि याला? याला आईशिवायचं घर डोळ्यांपुढे आणवेना.

मग काय, भिडला पठ्ठ्या. मशीनवर प्लेटा चढत गेल्या आणि थोड्याच दिवसांत बारवर आईच्या वजनापेक्षा जास्त लोखंड झालं. तेवढ्यावर गप्प बसेल तर तो कसला! ज्यांच्याकडे लिफ्ट दुरुस्त करायला जाईल त्यांना आधी आपला आकडा सांगायचा, मग लिफ्टचा बिघाड. लोक त्याला पैलवान म्हणायला लागले. टिंगल आहे हे त्याला कळायचं, पण ऐकायला बरं वाटायचं.

एका संध्याकाळी त्यानं आईचा वॉकर बाजूला सारला. "आई, आज एका दमात." वाकून आईला मिठीत धरलं आणि जोर लावला. जोर होता हो, खोटं कशाला बोला! पण आई काही रुळांत बसवलेली नव्हती. दुखऱ्या बाजूवर भार येताच ती डावीकडे कलली, तिच्यामागोमाग पैलवानही कलले, आणि मायलेक हळूहळू जमिनीवर येऊन बसले.

"अरे, तू मला उचलत होतास की मी तुला?" आई हसत म्हणाली. पण तिनं त्याचा शर्ट मुठीत घट्ट धरला होता, तो काही सोडेना. शेजारीण धावत आली तेव्हा कुठे दोघं उठले. त्याला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो जिमच्या ट्रेनरबाईंवर जाऊन उखडला. "मॅडम, तुमच्या मशीनवर एवढं उचलतो आणि घरी आई उठवता येत नाही!"

"मशीनवर तोल कोण सांभाळतं, काका?"

"रूळ."

"आणि घरी?"

पैलवानांनी मशीनच्या रुळांकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "मशीन वाईट नाही. पायांत जोर त्यानंच आलाय. तोल मात्र आता तुम्हालाच शिकावा लागेल." त्यांनी एकही प्लेट नसलेला मोकळा बार त्याच्या खांद्यावर दिला. हात्तिच्या, एवढाच? असं म्हणून तो बसायला गेला. बार पुढे कलला, त्याच्याबरोबर हाही निघाला आणि धडपडत थेट आरशापाशी पोचला. बाईंनी बार धरला म्हणून आरसा वाचला. हा किस्सा तो स्वतःच सगळ्यांना सांगतो, आणि सांगताना आरशाची बाजू घेतो.

मग घरीही सराव सुरू झाला. खांद्यावर झाडूचा दांडा, समोर खुर्चीत आई. डॉक्टरांनी तिलाही वॉकर धरून उठबस करायला सांगितली होती, म्हणून दोघांचा व्यायाम एकदमच. आई तर जन्मजात ट्रेनर निघाली. "गुडघे आत घेतोयस. टाचा उचलू नकोस. खाली काय बघतोस, काही सांडलंय का?" हा घाम गाळत आपलेच गुडघे न्याहाळायचा. तिचं काय चाललंय ते बघायला याला फुरसत कुठे होती?

महिनाअखेर ताई आली. पैलवानांनी तिच्या दोन्ही बॅगा उचलल्या आणि जिन्यानं वर आणल्या. लिफ्ट चालू होती. यानंच दुरुस्त केलेली होती! ताई लिफ्टनं आधीच वर पोचून दारात उभी होती.

"आता बघच, ताई," म्हणत तो धापा टाकतच आईसमोर गेला. पाय रोवले, छाती वर, गुडघे बाहेर, अगदी शिकवल्याबरहुकूम खाली निघाला. आणि कंबरेत अशी काही सणक भरली की हात तसेच पुढे, तोंड उघडं, आणि माणूस दोन मजल्यांच्या मधे बंद पडलेल्या लिफ्टसारखा अडकलेला.

"आई गं!" एवढंच बाहेर पडलं.

"थांब, हलू नकोस." आईनं खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले, टाचा रोवल्या आणि ती उठली. वॉकर भिंतीपाशी होता, ताई दारात होती, कोणीही हात लावला नव्हता. जराशी डावीकडे कलली, सावरली, सरळ उभी राहिली. मग तिनं लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. "टाचा टेक. खाली नको, माझ्याकडे बघ. हं, आता ऊठ."

तो उठला.

ताईचे डोळे भरून आले होते, तरी हेका सुटेना. "आई, चल ना माझ्याकडे."

"नको गं बाई," आई म्हणाली. "मी गेले तर याला उठवणार कोण?"

पैलवानांना हसूही येत होतं आणि रडूही. कंबर दोन्ही करू देईना.